काकू, ट्रॉलीखाली काही ठेवलंय का?

शनिवारी आमच्याकडे पेस्ट कंट्रोल झालं. झुरळं गेली की नाहीत ते अजून ठरायचंय; माझं पाकीट मात्र गेलं. चोरीला नाही, उजेडात. पण घरात लपवलेल्या पैशाच्या बाबतीत दोन्ही सारखंच.

झालं ते असं. सिंकशेजारची सगळ्यात खालची ट्रॉली, जिच्यात जुना कुकर आणि वर्षानुवर्षं न लागलेलं इडलीपात्र आहे, ती त्या पोराने चॅनेलवरून उचलली आणि फरशीवर उलटी केली. तळाला खाकी पाकीट, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून डकवलेलं. टेबलाशी सासूबाई लसूण सोलत होत्या. दारात आमचे हे चहाचा कप घेऊन देखरेखीला उभे. आणि ‘तुमचं झालं की आमच्याकडे पाठवा हं’ एवढंच सांगायला आलेल्या समोरच्या वहिनी बऱ्याच वेळापासून जायचं नाव घेत नव्हत्या.

“काकू, हे काय हाय?”

“वॉरंटी कार्ड असेल,” मी म्हटलं. “ट्रॉलीचं.”

त्याने टॉर्च मारला. पाकिटाचा एक कोपरा कुरतडलेला होता आणि त्यातून पाचशेच्या नोटेवरचा लाल किल्ला बाहेर बघत होता.

एखादा शहाणा असता तर त्याने ट्रॉली गुपचूप सुलटी केली असती. पण हा पंचविशीतला पोरगा, एका कानात इअरफोन, हातात झुरळांच्या औषधाची सिरिंज, त्याला आपल्या धंद्याविषयी कुणीतरी ऐकून घेणारं हवंच होतं. तो मांडी घालून बसला.

“राग नका मानू काकू, पण या बिल्डिंगीत तुम्ही तिसऱ्या.”

समोरच्या वहिनींना गॅसवर दूध ठेवल्याचं त्याच क्षणी आठवलं.

“आता बघा,” तो म्हणाला, “झुरळाला काय लागतं? अंधार. ऊब. जवळपास पाणी. आन पाठ-पोट दोन्हीकडनं टेकंल अशी फट. मोकळ्यात त्याला करमत नाय. आता तुम्ही सांगा, बायामाणसं पैसं कुठं ठेवत्यात? अंधारात, फटीत, कुणाचा हात जाणार नाय तिथं. म्हणजे जागा एकच झाली का नाय? आम्ही झुरळाच्या मागं जातो आन पैसं सापडत्यात.”

“म्हणजे शास्त्र आहे हे,” हे म्हणाले. कौतुकाने! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही वाक्याला ह्यांनी कधी शास्त्र म्हटलेलं नाही.

“त्यात तुमचं हे पाकीट,” पोराला आता रंग चढला होता. “ह्याला डिंक असतोय. झुरळ डिंक खातं. तुम्ही पैसं ठेवलंच नाय काकू, तुम्ही त्यांची खानावळ काढली. दर महिन्याला फवारा मारून बी इथनंच का येत्यात म्हणून आमचा साहेब डोकं धरून बसला होता.”

“मग ठेवावेत कुठे?” ह्यांनी विचारलं. डॉक्टरला पथ्य विचारावं तशा आवाजात.

मग त्याने घराघरातल्या जागांचा आढावाच घेतला. फ्रिजच्या मागे नाही, कारण मोटरच्या उबेला पहिली वस्ती तिथेच होते. स्विचबोर्डच्या पेटीत तर मुळीच नाही. एका साहेबांनी ठेवले होते, पैसे राहिले पण फ्यूज गेला. डाळ-तांदळाचे डबे आता चोरांनाही पाठ झालेत. देव्हाऱ्याखाली झुरळ कमी, कारण तिथे रोज हात फिरतो, पण चोरही देवाला नमस्कार करूनच कामाला लागतो. गादीखाली ठेवणाऱ्यांविषयी त्याने नुसता हात झटकला. बोलण्याचीही त्यांची लायकी नाही, असा.

इथवर मी सहन केलं. पण शेवटी त्याने चिकटपट्टी ओढून पाकीट सोडवलं, झटकलं, फुंकर मारली, आणि ते दिलं कुणाला? मी हातभर अंतरावर उभी असताना, दारातल्या माणसाला. “धरा काका.”

काकांनी धरलं. काकांनी उघडलं. काकांनी मोजलं. (किती होते ते इथे लिहिणार नाही, हे वाचतात.) आणि मग अत्यंत मायेने म्हणाले, “अगं, मागितले असतेस तर दिले असते की.”

मागितले असतेस! पाकिटातला प्रत्येक पैसा माझा. काही भिशीचे, काही शिकवणीचे, काही भाजीवाल्याशी घासाघीस करून वाचवलेले. दोन वर्षं भिशीचा नंबर लागायची वाट बघणारी मी, आणि देणारे हे. वर पेस्ट कंट्रोलचे पंधराशे त्याच पाकिटातून दिले. “सुट्टे नव्हते माझ्याकडे.” फोनमध्ये सगळी अॅपं आहेत, पानपट्टीवर दहा रुपये स्कॅन करून देतात, पण त्या दिवशी सुट्टे नव्हते.

ह्याच्या आधी असं एकदाच झालं होतं, आणि तेव्हा निदान सगळ्या देशाबरोबर झालं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठला टीव्हीवर घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बाद. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या बायका ज्या चेहऱ्याने फिरत होत्या तो मी विसरणार नाही. साड्यांच्या घड्यांतून, मसाल्याच्या बरण्यांमागून, शिलाई मशीनच्या खणातून निघालेला पैसा नवऱ्यांपुढे मांडावा लागला, कारण ३० डिसेंबरपर्यंत तो बँकेत भरायचा होता. काळा पैसा किती सापडला ते अर्थतज्ज्ञ बघोत; आमच्या जिन्यात तरी बायकांचाच सापडला. माझा जॉइंट खात्यात गेला. जॉइंट खात्यात गेलेला पैसा परत येत नाही, त्याचा पुढे स्कूटरचा हप्ता होतो.

मग गुलाबी दोन हजारची नोट आली. तिच्यात चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, अशी अफवा होती. सासूबाईंनी तेव्हा मला विचारलं होतं, “पितळेच्या डब्यातूनही दिसते का गं?” मला वाटलं, म्हातारीला विज्ञानाची किती आवड!

चिप नव्हती. पण १९ मे २०२३ ला ती नोटही मागे घेतल्याचं जाहीर झालं. ७ ऑक्टोबरपर्यंत कुठल्याही बँकेत बदलून मिळत होती. माझ्या तीन नोटा त्यानंतर सापडल्या, पोथीत. नोट अजूनही वैध आहे, घेणारं कुणी नाही एवढंच. रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ती चालते. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पुण्यात नाही. पुण्यात प्रत्येक गोष्टीची शाखा आहे, अगदी ‘आमची कुठेही शाखा नाही’ असं लिहिणाऱ्यांचीसुद्धा, पण हे नाही. पोस्टाने पाठवण्याची सोय आहे. पैसे थेट खात्यात जमा होतात. खातं जॉइंट. मेसेज ह्यांच्या मोबाइलवर. म्हणजे पुन्हा “अगं, हे कुठले?” त्यापेक्षा पोथीत बऱ्या.

माझ्या मावशीने एकदा जुन्या शालूच्या घडीत नोटा ठेवल्या होत्या. शालू बोहारणीला दिला आणि बदल्यात झाकणासकट पातेलं मिळवलं म्हणून आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटली. त्या पातेल्याची खरी किंमत तिला दिवाळीत कळली. त्यात ती अजून दूध तापवते, आणि उतू गेलं की जास्तच चिडते.

“लॉकर घे ना,” असं सुशिक्षित मैत्रिणी सांगतात. आमच्या बँकेत लॉकर मागितला की आधी ठेव मागतात, मग वेटिंग लिस्ट दाखवतात. मिळाला तरी करारातच लिहिलेलं असतं की त्यात रोकड ठेवायची नाही. म्हणजे पाकिटाचा प्रश्न तसाच. राहिले दागिने. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेत चोरी झाली, आग लागली किंवा तिथल्याच कर्मचाऱ्याने हात मारला, तर बँक जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट देणं लागते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. तोळ्याने लाख ओलांडल्यापासून तीन लाखांत धड तीन तोळेही येत नाहीत. आईने दिलेल्या पाटल्या, बोरमाळ, सासरचे तोडे ह्यांचा हिशेब कुठल्या भाड्यात बसवायचा?

दुसरीकडे प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची एक सूचना आहे: छापा पडला तरी विवाहित स्त्रीचे अर्धा किलोपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. अविवाहितेला पाव किलो, पुरुषाला शंभर ग्रॅम. म्हणजे आयकर खात्याच्या छाप्यातही माझं काहीतरी माझं म्हणून सोडतात. पेस्ट कंट्रोलच्या छाप्यात सोडलं नाही.

उरलेलं पाकीट मला सोमवारी परत मिळालं, तेही “नीट ठेव आता” ह्या उपदेशासकट. तेव्हापासून घरात सगळ्यांना नवीन खेळ मिळालाय. मुलगा वॉशिंग मशीन उघडताना “आई, इथे नाहीयेत ना?” विचारतो. ह्यांना रोज सकाळी सुट्टे लागतात. समोरच्या वहिनी बघितलं की हसतात, पण बेताने, कारण तिसरी मी असले तर आधीच्या दोघी कोण हे मला विचारायचंय, आणि हे त्यांनाही माहीत आहे.

मी विचार केला. जागा अशी हवी, जिला वर्षातून एकदाच हात लागतो आणि तोही ह्यांचा नाही. अशी आमच्या घरात एकच आहे. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणात गौरींच्या मुखवट्यांची पत्र्याची पेटी. भाद्रपदात निघते, धुऊन-पुसून परत आत जाते. ह्यांना तिची किल्ली कुठे असते तेही माहीत नाही. रात्री सगळे झोपल्यावर पाकीट घेऊन गेले, या वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत, डिंक नाही, काही नाही. दिवाणाचं झाकण उचललं. कोपऱ्यातल्या कॉटवरून सासूबाईंचा आवाज आला.

“त्या पेटीत नको हो. तिथे माझे आहेत.”

“मग मी कुठे ठेवू, आई?”

“ते तू बघ. मी का सांगू? आणि बेलापूरला जायचं ठरवलंस तर माझ्याही चार गुलाबी आहेत, त्या घेऊन जा. त्याला बोलू नकोस.”