सीएचडी केल्याने खेळाची इमेज ‘खराब’ होते काय? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

जुन्या कन्सोलवरील प्लॅटफॉर्म गेम जपून ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: डिस्कची इमेज (तिच्यावरील माहितीची फाइलरूप प्रत) सीएचडी या आवळलेल्या फाइल-स्वरूपात कधीही कॉम्प्रेस करू नये, कारण त्यात माहिती गळते, संगीताचा दर्जा उतरतो, चेकसम (फाइल तीच आहे का हे पडताळण्याचा गणिती आकडा) जुळत नाही, खेळ अडखळतो, मूळ प्रत परत मिळत नाही आणि ज्या मेम या एम्युलेटर प्रकल्पातून (जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामातून) सीएचडी आले तो बंद पडला तर फाइली निरुपयोगी होतील; म्हणून बिन-क्यू (डिस्कचे बाइट असलेली बिन फाइल आणि ट्रॅकांची यादी देणारी क्यू शीट) किंवा आयएसओ या प्रकारची इमेजच ठेवावी. हा सल्ला काळजीपोटी दिला जातो, याबद्दल शंका नाही. तथापि त्यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि आयएसओविषयीचा भाग पाळला तर संग्रहाचे खरोखरच नुकसान होते.

माहिती गळण्याचा आरोप सर्वांत गंभीर असल्याने आधी तोच पाहू. सीडीवरील माहिती सेक्टर नावाच्या समान तुकड्यांत असते आणि प्रत्येक सेक्टर 2,352 बाइटांचा असतो. मोड 1 प्रकारच्या डेटा सेक्टरमध्ये त्यांपैकी 2,048 बाइट प्रत्यक्ष माहितीचे, 12 बाइट सेक्टरची सुरुवात ओळखण्याच्या ठरावीक खुणेचे आणि 276 बाइट त्रुटी दुरुस्त करण्याच्या कोडचे असतात. उरलेले थोडे बाइट पत्ता, तपासणी आणि राखीव जागेसाठी जातात. ती खूण सर्वत्र सारखीच असते आणि दुरुस्तीचा कोड त्याच सेक्टरमधील इतर बाइटांवरून गणिताने काढता येतो, म्हणजे सुमारे 12 टक्के भाग साठवलाच नाही तरी तो जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. सीएचडी नेमके हेच करते, पण डोळे झाकून करत नाही: आधी त्या सेक्टरचा कोड गणिताशी खरोखर जुळतो का हे पडताळले जाते, आणि जुळला तरच तो वगळून तशी नोंद ठेवली जाते. एखाद्या डिस्कवर संरक्षणासाठी मुद्दाम चुकीचा कोड छापलेला असेल, तर तो सेक्टर चुकीसकट साठवला जातो. उरलेला डेटा एलझेडएमए किंवा डिफ्लेटसारख्या लॉसलेस (काहीही न गमावणाऱ्या) पद्धतींनी आवळला जातो. या प्रक्रियेत टाकून दिलेला आणि पुन्हा न मिळणारा एकही बाइट नाही.

संगीताचा आरोपही याच कसोटीवर टिकत नाही. प्लेस्टेशनवरील ‘रेमन’ (1995), मेगा सीडीवरील ‘सॉनिक सीडी’ (1993) अशा खेळांचे संगीत डिस्कवर साध्या ऑडिओ सीडीप्रमाणे स्वतंत्र ट्रॅकांत आहे. सीएचडी हे ट्रॅक फ्लॅक पद्धतीने साठवते, आणि फ्लॅक उलगडल्यावर 16 बिटांचा प्रत्येक नमुना मूळ मूल्यासह परत येतो. दर्जा उतरतो तो ऑडिओ ट्रॅक एमपी3 मध्ये बदलून क्यू शीटला जोडण्याच्या जुन्या सवयीमुळे, आणि त्या सवयीचा दोष सीएचडीच्या माथी मारणे योग्य नाही.

आता आयएसओ. नेहमीच्या आयएसओमध्ये प्रत्येक सेक्टरचे केवळ 2,048 बाइट घेतले जातात. डीव्हीडीवर आलेल्या प्लेस्टेशन 2 च्या खेळांसाठी ते पुरेसे आहे, कारण तिथे वापरकर्त्याचा सेक्टर तेवढाच असतो. पहिल्या प्लेस्टेशनची गोष्ट वेगळी आहे. त्यातील प्रवाही ध्वनीसाठी, चित्रफितींसोबतच्या ध्वनीसाठीही, मोड 2 फॉर्म 2 सेक्टर वापरले जातात, ज्यांत माहितीचे 2,324 बाइट असतात. आयएसओ करताना त्यांचा शेवटचा तुकडा कापला जातो. शिवाय आयएसओमध्ये ऑडिओ ट्रॅकला जागाच नसते. ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ (1997) ची डिस्क साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली तर दुसऱ्या ट्रॅकवर नायक अलुकार्डचा आवाज ऐकू येतो, आयएसओ केल्यावर तो ट्रॅक संग्रहातून कायमचा जातो. ड्रीमकास्टच्या अनेक जुन्या सीडीआय स्वरूपातील प्रतींचेही तसेच आहे: सुमारे एक जीबीची जीडी-रॉम (ड्रीमकास्टची मूळ डिस्क) साध्या सीडीवर बसवण्यासाठी त्यांत ध्वनी आणि चित्रफितींचा दर्जा कमी केला गेला. ज्यांना खरी हानी शोधायची आहे, त्यांनी ती इथे शोधावी.

चेकसम जुळत नाही, हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. डिस्कांच्या अचूक प्रतींची नोंद ठेवणाऱ्या रिडम्प प्रकल्पाच्या यादीतील एसएचए-1 (चेकसमचा एक प्रकार) हा प्रत्येक ट्रॅकच्या मूळ बाइटांचा असतो. सीएचडीच्या शीर्षभागातील एसएचए-1 मात्र प्रत्येक सेक्टरला सबचॅनलसाठीचे (सेक्टरसोबत येणाऱ्या जादा नियंत्रण-माहितीचे) 96 बाइट जोडून झालेल्या 2,448 बाइटांच्या चौकटींवर काढलेला असतो, आणि ऑडिओचे बाइट आत वेगळ्या क्रमाने ठेवलेले असतात. दोन निराळ्या मांडण्यांचे आकडे एक येणार नाहीत, हे उघड आहे. तुलना करायची असेल तर सीएचडी बनवणाऱ्या व उलगडणाऱ्या सीएचडीमॅन या प्रोग्रामच्या ‘एक्स्ट्रॅक्ट-सीडी’ आज्ञेने बिन परत काढावी आणि तिचा चेकसम पाहावा. इथे एक अडचण येते: सर्व ट्रॅक एकाच बिनमध्ये सलग येतात, त्यामुळे रिडम्पच्या स्वतंत्र ट्रॅकांशी थेट मेळ बसत नाही. नव्या आवृत्त्यांत ट्रॅकवार बिन काढण्याची सोय आहे. नसेल तर रिडम्पच्या क्रमाने मूळ बिन जोडून त्या एकत्र फाइलीशी ताडून पाहता येते.

खेळ अडखळण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. पहिल्या प्लेस्टेशनचा ड्राइव्ह दुप्पट वेगाने सेकंदाला 150 सेक्टर वाचतो. सीएचडीमध्ये आठ-आठ सेक्टरांचे तुकडे स्वतंत्रपणे आवळलेले असतात, म्हणजे एम्युलेटरला सेकंदाला एकोणीसच्या आसपास तुकडे उलगडावे लागतात, तेही प्रत्येकी 20 केबीहून लहान. हे काम साध्या फोनलाही जड नाही. झिप फाइल आधी पूर्ण उलगडावी लागते, त्या अनुभवावरून सीएचडीबद्दल अंदाज बांधला गेला असावा.

मेम बंद पडण्याची भीती समजण्यासारखी आहे, परंतु सीएचडीचा स्रोतकोड मुक्त परवान्याखाली खुला आहे, ‘लिबसीएचडीआर’ हा इतर प्रोग्रामांना वापरता येणारा वेगळा कोडसंचही (लायब्ररी) उपलब्ध आहे आणि आतील कॉम्प्रेशनच्या पद्धती सर्वज्ञात आहेत. आज प्रत काढून घेतलेला हा कोड उद्या कोणी मागे घेऊ शकत नाही.

मूळ प्रत परत मिळत नाही, या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे आणि ते दडवू नये. सीएचडी ट्रॅकांची लांबी, प्रकार आणि मधल्या विरामांची नोंद ठेवते. क्यू शीटमधील कॅटलॉग क्रमांक किंवा टिपा ती ठेवत नाही, म्हणून मूळ क्यू शीट शेजारी जपावी. युरोपातील काही प्लेस्टेशन खेळांवर, उदाहरणार्थ ‘एप एस्केप’ (1999) वर, लिबक्रिप्ट संरक्षण आहे, ज्यात मोजक्या सेक्टरांच्या सबचॅनलमध्ये मुद्दाम बिघाड केलेला असतो. बिन-क्यूमध्ये सबचॅनल नसतेच, त्यामुळे तिच्यापासून केलेल्या सीएचडीतही तो बिघाड येत नाही, आणि दोन्ही बाबतींत त्या बिघाडाची नोंद असलेली वेगळी एसबीआय फाइल ठेवावीच लागते. दुसरी गोष्ट साठवणुकीची: बिनमधला एक बाइट बिघडला तर एका सेक्टरला धक्का बसतो, सीएचडीत आठ सेक्टरांच्या तुकड्याला, आणि तुकड्यांचा नकाशाच बिघडला तर संपूर्ण फाइलीला. उलट सीएचडीमॅनची ‘व्हेरिफाय’ आज्ञा असा बिघाड तत्काळ दाखवते, तर नुसत्या बिनला तपासणीसाठी बाहेरचा चेकसम लागतो. यावर उपाय दोन वेगळ्या डिस्कांवर दोन प्रती ठेवण्याचा आहे, आणि वाचलेल्या जागेमुळे ती दुसरी प्रत ठेवणे अनेकांना प्रथमच परवडू शकते. मूळ बिन पुसण्यापूर्वी सीएचडीतून काढलेली बिन एकदा तिच्याशी ताडून पाहावी, आणि क्यू व एसबीआय फाइली दोन्ही प्रतींसोबत ठेवाव्यात.