अपात्र कसे राहावे

सरकारी दिव्यांग योजनेचा पैसा चुकूनही पदरात पडू नये, अशी तुमची इच्छा असेल तर कोकणात राहता ते बरंच आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मंडणगडहून रत्नागिरीचं किंवा दोडामार्गहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं म्हणजे दिवस एसटीतच मोडतो. त्यात तपासणीचा वार न विचारता निघा. हाडांचे डॉक्टर कधी बसतात आणि कानाचे कधी, हे फोनवर कळलं तर फेरी फुकट कशी जाणार? स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर, आधी अर्ज करून त्याची पावती सोबत न्यायची असते, तीही नेऊ नका.

माडावरून पडून पाय मोडला असेल तर प्लास्टर असतानाच डॉक्टरांपुढे जा. उपचार संपल्यावर जे अधूपण कायमचं उरतं, त्याचीच टक्केवारी काढतात, त्यामुळे परत पाठवणी ठरलेली.

टक्केवारीत खरी गंमत आहे. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्के. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर ३० टक्केच मिळतात. त्याच माणसाचा पाय २० टक्के अधू असेल तर पायाचं नावच काढू नका. काढलंत तर बेरीज ५० होणार नाही, हे खरं. ९० मधून ३० वजा करतात, उरलेल्या ६० ला २० ने गुणून ९० ने भागतात आणि ते तेरा-सव्वातेरा ३० मध्ये मिळवतात. झाले ४३! नाहक पात्र ठरलात. दिव्यांगाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, पांढऱ्याऐवजी पिवळं येईल. निळं ८० च्या पुढे, ते सोडाच.

शिवाय दिव्यांगता म्हणजे आंधळा, बहिरा, लंगडा, एवढंच धरून चला. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सनही येतात, हे शेजाऱ्याला कळता कामा नये.

एवढं करूनही ४० टक्क्यांचा दाखला हातात पडलाच, तर घाबरू नका, तहसील कचेरी आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला आता महिना अडीच हजार मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. इथे आपला कोकणी बाणा उपयोगी पडतो. तलाठी उत्पन्नाचं विचारायला आला की ओटीवर बसून सांगा, ‘यंदा शंभर पेट्या गेल्या वाशीला.’ सातबारा सामायिक आहे, त्यावर बारा नावं आहेत, कलमं चुलत्याच्या कब्जात आहेत आणि पेट्याही त्याच्याच, हे सांगून अब्रू का घालवायची? मुंबईचा मुलगा वेगळा राहून वीस वर्षं झाली असली तरी त्याचं नाव गावच्या रेशनकार्डावर राहू द्या. गणपतीला येतो ना!

केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनकडे फिरकूच नका. तिथे ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव, दोन्ही लागतं. केंद्राचा वाटा ३०० रुपये.

मंजुरीचं पत्र आलं तरी हातात अस्त्रं आहेत. आधारवर आडनाव एक आणि पासबुकात भलतंच असू द्या. आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारू नका. पैसे सोसायटीतल्या जुन्या, बंद खात्याकडे निघतात का, हे पाहण्यात वर्ष सहज जातं. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो. तो न दिल्यास सरकार तुम्हाला गेलेले समजतं, आणि मेलेल्या माणसाला कोण त्रास देणार?

राहता राहिली ग्रामपंचायत. तिला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात. ग्रामसभेत ‘ते गेले कुठे?’ असं विचारायची वेळ येऊ शकते. म्हणून त्या दिवशी सावंतवाडीला लग्न काढा.