वाद पडद्याचा, धोका सोफ्याचा

मालिकांनी घरं बिघडवली, वृत्तवाहिन्यांच्या आरडाओरड्याने माणसांचा माणसांवरचा विश्वास उडाला, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतच असतो. इथे मेलबर्नमध्ये टीव्हीबद्दल आधी विचारलं जातं ते वेगळंच: माणूस किती वेळ जागचा हलला नाही? मला हा प्रश्न जास्त निकडीचा वाटतो.

ऑस्डायब या ऑस्ट्रेलियन पाहणीत सुमारे ८,८०० प्रौढांवर साडेसहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. रोज चार तास किंवा जास्त टीव्ही पाहणाऱ्यांचा मृत्यूचा धोका दोन तासांहून कमी पाहणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के जास्त निघाला, आणि तोही व्यायाम व कंबरेचा घेर हिशेबात धरून. अर्थात आजारी माणूस मुळातच जास्त बसतो; हृदयविकाराचे रुग्ण आधीच वगळले, तरी लपलेला आजार उरतोच. म्हणून हा संबंध आहे, टीव्हीनेच मृत्यू ओढवल्याचा पुरावा नव्हे.

मग हा धोका माणसांवरचा विश्वास, आनंद, संस्थांवरचा भरवसा कमी झाल्याने येतो का? अमेरिकेतल्या २०१३ च्या अभ्यासाने नेमकं हेच तपासलं. रोजच्या टीव्हीच्या दर जादा तासामागे मृत्यूचा धोका ४ टक्क्यांनी वाढत होता. या मनोवृत्तींनी त्यातला अगदी थोडा भाग उलगडला. उलट आपल्याकडच्या खेड्यांत केबल आल्यावर बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या बायका कमी झाल्याचं जेन्सन आणि ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं. 'मालिका वाईटच' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पडदा विचार सुधारू शकतो, पण बसून राहिलेल्या स्नायूंना त्याचा उपयोग नाही. ते रक्तातली साखर कमी उचलतात.

यावरचा उपाय मेलबर्नमध्येच मोजला गेला. १९ जाडसर प्रौढांना साखर आणि चरबीयुक्त पेय देऊन पाच तास बसवलं. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालल्यावर पेयानंतरची साखरेची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी घटली. 'सकाळी तासभर फिरतो की' ही सबब मात्र पुरत नाही: दहा लाखांहून अधिक लोकांच्या २०१६ च्या विश्लेषणात रोज पाच तास किंवा जास्त टीव्ही पाहणाऱ्यांचा धोका तेवढ्या व्यायामाने कमी झाला, पुसला गेला नाही.

भारतात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, आणि आपण जेवतो नेमके मालिकेच्या वेळेला. ताट टीव्हीसमोरून उचला. जाहिरात लागली की रिमोट ठेवून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारा. मोबाइलवर सलग भाग पाहत असाल तर अनेकदा जाहिरातीही नसतात. तिथे पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, म्हणजे निदान दर भागाला थांबावं लागेल, आणि तेव्हाच उठा.