‘सरकारचा एक पैसाही लागत नाही’ म्हणे!

आमच्या औद्योगिक वसाहतीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर ‘लाइट कधी येणार?’, ‘दुपारी छोटा टेम्पो मिळेल का?’ आणि सकाळचे सुविचार, एवढंच चालतं. गेल्या आठवड्यात तिथे एक मजकूर येऊन पडला. त्याआधी तो मला साडूंकडून आणि सोसायटीच्या ग्रुपवरूनही आला होता, म्हणजे चांगलाच फिरतोय. थोडक्यात असा:

‘सरकार आणि उद्योग यांची भागीदारी, म्हणजे पीपीपी, हाच प्रगतीचा राजमार्ग. एक, यात सरकारचा एक पैसाही लागत नाही. दोन, तोटा झाला तर तो कंपनीचा. तीन, खासगी आलं की काम स्वस्तात आणि वेळेत. चार, विरोध करणारे विकासाचे शत्रू. पाच, सरकार उद्योजकांना विचारूनच धोरण ठरवतं, म्हणून ते बरोबर असतं. पटलं तर पुढे पाठवा.’

खाली बारा अंगठे आणि दोन तिरंगे.

मी स्वतः छोटा कारखानदार. दोन लेथ, एक व्हीएमसी, आठ माणसं. सरकारने उद्योगांशी बोलू नये असं म्हणालो तर माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन. भागीदारीलाही माझा विरोध नाही. न्हावाशेव्याच्या बंदरात १९९७ मध्ये खासगी कंपनीला कंटेनर टर्मिनलचं काम तीस वर्षांच्या कराराने दिलं आणि १९९९ मध्ये ते सुरू झालं. आज आमचा माल बाहेर जातो तो अशाच टर्मिनलांवरून. पण वरचे पाचही मुद्दे ज्या ठामपणे लिहिलेत, तसे ते टिकत नाहीत. एकेक घेतो.

‘सरकारचा एक पैसाही लागत नाही’

न्हावाशेव्याचंच बघा. बंदर, जहाजांचा चॅनेल, रस्ता, रेल्वे हे सगळं सार्वजनिक पैशाने १९८९ मध्येच उभं राहिलेलं होतं. खासगी कंपनी आली ती त्यावर. यात गैर काही नाही, फक्त ‘एक पैसाही नाही’ म्हणायला जीभ कचरायला हवी.

दुसरं म्हणजे, अशा प्रकल्पांना रोख पैसे द्यायची केंद्र सरकारची अधिकृत योजनाच आहे. नाव बोजड, व्यवहार्यता तूट निधी. प्रकल्प निव्वळ तिकिटावर किंवा टोलवर परवडत नसेल तर खर्चाच्या वीस टक्क्यांपर्यंत केंद्र देतं आणि तेवढीच भर राज्याला किंवा प्रकल्प काढणाऱ्या संस्थेला घालता येते. मुंबईच्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोला असे ६५० कोटी मिळाले. शिवाय एमएमआरडीए या सरकारी विकास प्राधिकरणाचा २६ टक्के हिस्सा. हे पैसे आकाशातून पडले नाहीत.

आणि टोलमाफी? ३१ मे २०१५ च्या मध्यरात्री राज्यातले बारा टोलनाके बंद झाले, आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. आपण काच खाली न करता सुसाट निघून जातो आणि खूश होतो. करार मात्र जिवंत असतो. बुडालेल्या वसुलीची भरपाई सरकार देतं, म्हणजे नाक्यावर न दिलेले पैसे आपण दुसऱ्या खिशातून देतो, आणि ज्याच्याकडे मोटार नाही तोही देतो.

‘तोटा झाला तर तो कंपनीचा’

हे वाचून मला पहिल्यांदा गुहागर आठवलं.

ग्रुपवरच्या तरुण मंडळींसाठी सांगतो. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे लोक महाराष्ट्रात आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीजप्रकल्पासाठी राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा निघालीच नाही. १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. त्या वर्षी जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता, तरीही. १९९५ मध्ये सत्तांतर झालं, नव्या सरकारने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी केल्या आणि तो आणखी मोठा करून मंजूर केला. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवतो म्हणणारेच बुडी मारून वर आले, असं तेव्हा लोक चावडीवर म्हणायचे.

करारातली मेख समजायला आपलं वीजबिल पुरेसं आहे. माझी शेड दिवाळीत दहा दिवस बंद असते, एक युनिट जळत नाही, तरी बिलावर ‘मागणी आकार’ येतोच. वीज वापरा नाहीतर नका वापरू, तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचे पैसे भरा. दाभोळच्या करारात वीज मंडळ कंपनीचं असंच ग्राहक होतं, फक्त आकडा हजारो कोटींचा आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की बिल वाढणार, इंधन महागलं की बिल वाढणार, मंडळाने वीज कमी उचलली तरी क्षमतेचं बिल येणारच. वर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. मग कंपनीकडे धोका उरला कोणता?

पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने वीज घेणं थांबवलं कारण ती परवडेना, आणि संयंत्र बंद पडलं. त्या डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, पण तो तिच्या तिथल्या हिशेबातल्या घोटाळ्यांचा प्रताप. इथे अंजनवेलला गंजत पडलेला प्रकल्प शेवटी सावरला कुणी? २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली, त्यात एनटीपीसी आणि गेल या दोन सरकारी कंपन्या. कर्जात अडकलेल्यांत आपल्याच स्टेट बँक, आयडीबीआय वगैरे. म्हणजे तोटा फिरून फिरून आपल्याच अंगणात आला.

कंपन्या कधीच बुडत नाहीत असं मी म्हणत नाही. रस्त्यांच्या कामांत वाहनसंख्येचा अंदाज फसून कितीतरी ठेकेदार कर्जात गेले. पण तोटा कोणाचा हे ‘पीपीपी’ या तीन अक्षरांवरून कळत नाही, ते कराराच्या कलमांवरून कळतं. दाभोळचा करार सही होण्याआधी लोकांना वाचायला मिळालाच नव्हता.

‘स्वस्तात आणि वेळेत’

कधी हो, कधी नाही. ‘नाही’चं उदाहरण आपण सगळे वापरतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी खासगीकरणातून निविदा मागवल्या तेव्हा सर्वांत कमी बोली सुमारे ३,६०० कोटींची आली होती. सरकारने ती नाकारली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने बाजारातून कर्ज उभारलं आणि रस्ता सुमारे १,६०० कोटींत बांधला. बांधला तोही खासगी ठेकेदारांनीच, हे विसरू नका. फरक एवढाच की पैसा आणि मालकी कुणाची हे आधी ठरलं होतं. टोलवसुली २००४ मध्ये खासगी कंपनीकडे गेली, ९१८ कोटी आगाऊ घेऊन. त्या वसुलीच्या हिशेबावर वेगळा वाद आहे आणि तो इथे मावणार नाही.

आता भागीदारीतली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो बघा. करार २००७ चा, गाडी धावली ८ जून २०१४ ला. अंदाज २,३५६ कोटींचा. कंपनीचा दावा ४,३२१ कोटींचा. उशीर कुणामुळे यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि जागा वेळेत न मिळणं हे कारण खोटंही नाही. भाड्याचं तर विचारूच नका. करारात ९, ११ आणि १३ रुपये, कंपनीला हवे १० ते ४०, प्रकरण उच्च न्यायालयात. २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीने कमाल ११० रुपयांपर्यंत सुचवलं, ते न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केलं. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने कंपनीचा हिस्सा सुमारे चार हजार कोटींना विकत घ्यायचं ठरवलं, जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. गाडी मात्र रोज खच्चून भरून धावते. अंधेरीला सकाळी नऊ वाजता चढून बघा. प्रकल्प वाईट नाहीच. भागीदारीचा संसार मात्र कोर्टकचेरीत गेला.

ही पद्धत जिथून जगभर गेली त्या ब्रिटननेच २०१८ मध्ये यापुढे असे नवे करार करणार नाही असं जाहीर केलं. आपल्याकडे २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने पीपीपीचा आढावा घेतला. तिने पद्धत मोडीत काढा असं सांगितलं नाही, पण धोक्याची वाटणी नीट करा आणि हे सगळं सरकारी खर्च टाळायची पळवाट म्हणून वापरू नका, असा सूर लावला. केळकर काही झेंडे घेऊन मोर्चात जाणारे नव्हेत.

‘विरोध करणारे विकासाचे शत्रू’

हा मुद्दा कोल्हापुरात जाऊन बोला आणि सुखरूप परत या. शहरातल्या रस्त्यांसाठी शहरातल्याच लोकांकडून तीस वर्षं टोल, असा तो करार होता. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्याबरोबर व्यापारी, रिक्षावाले, तालमी, सगळे रस्त्यावर उतरले. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, ते चूकच. पण २०१५ च्या डिसेंबरात सरकारनेच टोल रद्द केला आणि कंपनीला तिजोरीतून भरपाई द्यायचं ठरलं. करार करण्याआधी शहराला विचारलं असतं तर हे पैसे वाचले असते की नाही? त्यातले कित्येक आंदोलक माझ्यासारखेच शेडवाले होते, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे. त्यांनाही गुळगुळीत रस्ते हवेच होते.

‘उद्योजकांना विचारूनच धोरण ठरतं’

कोणत्या उद्योजकांना? प्रश्न एवढाच आहे.

जिल्ह्याजिल्ह्यात जिल्हा उद्योग मित्र नावाची समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. कागदावर फार चांगली गोष्ट आहे. मी आमच्या संघटनेतर्फे अशा बैठकांना चार वर्षं जातोय. (जिल्हा कोणता ते सांगत नाही, मला अजून धंदा करायचाय.) पुढच्या रांगेत मोठ्या कंपन्यांचे एचआर आणि लायझनिंगवाले, त्यांच्यासमोर पाण्याच्या बाटल्या. आम्ही मागे, भिंतीला खुर्च्या टेकवून. मोठ्यांचे विषय आधी येतात, आणि आमच्या विषयांपर्यंत साहेबांना दुसऱ्या बैठकीची वेळ झालेली असते. इतिवृत्तात तीन रकाने: विषय, संबंधित विभाग, अनुपालन. आमच्या गल्लीतले पथदिवे बंद आहेत हा विषय बाराव्या ओळीवर आहे आणि अनुपालनाच्या रकान्यात दीड वर्ष एकच वाक्य आहे, ‘कार्यवाही सुरू आहे.’

त्यामुळे ‘उद्योगजगताशी सविस्तर चर्चा’ अशी बातमी वाचली की मी बघतो, चर्चा कुठे झाली, टिपण आधी कुणाला मिळालं आणि काय बोललं गेलं ते छापलं का. कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा हे केंद्राचं २०१४ पासूनचं ठरलेलं धोरण आहे. ते किती वेळा पाळलं जातं हा वेगळा विषय. पण पाळता येतं, हे दाखवणाऱ्या संस्था आहेत. दूरसंचार नियामक ट्राय विषयाचं टिपण आधी प्रसिद्ध करते, कंपन्यांची आणि ग्राहकांची मतं वेबसाइटवर टाकते, मग त्यांवर प्रतिमतं मागवते. कोणी काय मागितलं ते जगाला दिसतं.

आणि वीज नियामक आयोग. २००३ च्या वीज कायद्यानुसार दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती विचारात घ्याव्याच लागतात. पुण्यात कौन्सिल हॉलमधल्या अशा एका सुनावणीला मी गेलो होतो. माझ्या पुढे एक शेतकरी होते, पंपाचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेलं. मागे इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले. प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था आकड्यांचे गठ्ठे घेऊन बसलेल्या. कुणाचाही नंबर आला की त्याने माइकवर नाव सांगायचं आणि बोलायचं, समोर वीज कंपनीचे अधिकारी लिहून घेत. मी मागणी आकारावर हरकत घेतली. तीन मिनिटं बोललो, त्यातलं अर्धं मिनिट घसा खाकरण्यात गेलं.

काही महिन्यांनी आदेश आला, शेकडो पानांचा. त्यात हरकत, त्यावर कंपनीचं उत्तर आणि मग आयोगाचा निर्णय, असं क्रमाने छापलेलं असतं. माझी हरकत फेटाळली होती. का फेटाळली ते खाली परिच्छेदभर लिहिलं होतं. कारण मला पटलं नाही, पण मी ते दोनदा वाचलं आणि पुढच्या वेळी काय मांडायचं ते वहीत टिपून ठेवलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. अंगठे तीन आले. एकाने विचारलं, ‘पथदिव्यांचं काय झालं मग?’

परवाचं इतिवृत्त काढून पाहिलं. आता आपण चौदाव्या ओळीवर आहोत.