फुगलेल्या बॅटरीला सुई लावू नका

गेल्या रविवारी सांगलीत, गावभागात आत्याकडे गेलो. ती जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. समोर तिचा जुना मोबाइल, मागचं झाकण निघालेलं, आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. आणि हातात गोधडीची सुई.

"यातली हवा काढतेय. आपल्या ग्रुपवरच आलंय की," ती म्हणाली.

सुई मी अक्षरशः हिसकावून घेतली. मग मेसेज पाहिला. विश्रामबागेत आमचा चहाचा कट्टा आहे. कुणी नवं घड्याळ दाखवतं, कुणी इअरबड्स, कुणी कालच घेतलेला फोन. तिथल्याच एकाने 'नवीन मोबाइल घेणाऱ्यांनी हे ५ नियम पाळाच' असा मजकूर टाकला होता आणि माझ्या चुलतभावाने तो घरच्या ग्रुपवर ढकलला. नियम असे: पहिलं चार्जिंग सलग ८ तास करा. फोन रोज शून्यावर आणूनच चार्ज करा. रात्रभर चार्जिंगला लावला तर स्फोट होतो. भिजला तर तांदळात ठेवा. बॅटरी फुगली तर बारीक सुईने हवा काढा, नव्यासारखी चालते. खाली 'एका मोबाइल इंजिनिअरचा सल्ला'. कोण इंजिनिअर, कुठला, काही नाही.

शेवटच्या नियमापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांनी फार तर फोन बिघडेल, याने घर पेटेल.

त्या बॅटरीत हवा नसते. आत तांब्याचे आणि अॅल्युमिनियमचे अतिपातळ पत्रे असतात, त्यांवर रसायनांचे थर, आणि दोन्ही बाजू एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. हा पडदा आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. सगळं ज्या द्रवात भिजलेलं असतं, तो द्रव पेट घेणारा. बॅटरी जुनी झाली, तापली, बिघडली की याच द्रवाचं विघटन होऊन वायू साठतो. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तसे कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीनसारखे जळणारे वायूही असतात. सुई आत गेली की पडदा फाटतो, दोन्ही बाजू जोडल्या जातात आणि शॉर्टसर्किट होतं. एका थराच्या उष्णतेने शेजारचा थर पेटतो, आणि हे काही सेकंदांतही होऊ शकतं. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, फुप्फुसं जाळणारा. बॅटरीच्या प्रयोगशाळांमध्ये खिळा घुसवण्याची एक चाचणीच असते. बॅटरी पेटते का हे पाहायला मुद्दाम खिळा घालतात, पण बंद कक्षात, माणसांना लांब ठेवून. आत्याचं तोंड त्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर होतं.

आणि नव्यासारखी कशी चालेल? जो द्रव वायू होऊन गेला, तो परत येत नाही. बॅटरी फुगली की फोन बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, दाबायचा नाही, कापड-कागदापासून लांब ठेवायचा आणि दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. घंटागाडीत तर मुळीच टाकायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आता तो शून्याचा नियम. हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा वारसा. त्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिला हा दोष त्रास देत नाही. उलट रोज तळ गाठला तर ती लवकर झिजते. आणि आमच्या नदीकाठच्या गावभागात याचा अर्थ वेगळाच होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं आणि वीज गेलेली. पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली असताना एकटी राहणारी बाई 'आधी संपू दे' म्हणून ४ टक्क्यांवर फोन घेऊन बसली तर? आत्या महिनाभर नव्या फोनचं हेच करत होती.

तांदूळ. पुरानंतर आमच्या गल्लीत घरोघरी डब्यात फोन होते, म्हणून हे मला चांगलं आठवतं. अॅपलने २०२४ मध्ये आपल्या मदतपानावर स्पष्ट लिहिलं की आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन हातावर हलकेच आपटा आणि कोरड्या, वारा खेळत्या जागी ठेवा, एवढंच त्यांचं सांगणं आहे. यापुढे मला वेगळा पुरावा नको. पुराच्या गढूळ पाण्यात बुडलेला फोन तर चालू करून न बघता थेट दुरुस्तीला न्यावा.

रात्रभर चार्जिंगबद्दल थोडं मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध का होईना. पूर्ण भरल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्यामुळे तेवढ्याने स्फोट होत नाही. सॅमसंगचा 'नोट ७' हा फोन २०१६ मध्ये पेटत होता तो बॅटरीतल्याच दोषांमुळे. पण १०० टक्क्यांवर आणि गरम राहणं बॅटरीला मानवत नाही, हे खरं. म्हणून तर आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. उशीखाली ठेवून चार्ज करू नकाच.

पहिले ८ तास? गरज नाही. डब्यातून काढा आणि वापरा.

कट्ट्यावरच्या मित्रांना सांगतो, तुम्हाला प्रोसेसर आणि कॅमेऱ्यातलं माझ्यापेक्षा दसपट कळतं. मग हा मजकूर पुढे पाठवताना पाचवा नियम वाचला नाहीत का?

आत्याला तो जुना फोन चालू करायचा होता, कारण त्यात आतोबांचे शेवटच्या गणपतीतले फोटो होते. सोमवारी मी तो कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी जुनी बॅटरी काढून घेतली, दुसरी लावली आणि तासाभरात ६२ फोटो आत्याच्या नव्या फोनवर आले. त्यातला आरती करतानाचा एक तिने दिवसभर उघडाच ठेवला होता. चार्जरला लावून.