पस्तीस जणांची प्रेमकविता

आमच्या कॉयरमध्ये सध्या एक प्रेमकविता बसवतोय, असं परवा मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "पस्तीस जण मिळून? म्हणजे शाळेतली प्रतिज्ञाच की गं!"

हसले, पण ते डोक्यातून जाईना. तिचंही खरंच आहे. आपल्याकडे समूहगान म्हणजे देशभक्ती, नाहीतर स्वागतगीत. प्रेम एकट्याने गायचं, फार तर दोघांनी. (गोव्यात मांडो हे कोकणी गीत दोन सुरांत गातात आणि ते बहुतेकदा अस्सल प्रेमाचंच असतं. पण तिकडे आपलं लक्ष कधी गेलंय?)

कविता ओक्ताव्हिओ पाझची. हा मेक्सिकन कवी १९६२ ते १९६८ दिल्लीत राजदूत होता. मेक्सिकोच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या म्हणून त्याने ते पद सोडलं. १९९० मध्ये नोबेल मिळालं. कविता अगदी एवढीशी. गवतावर पहुडलेली दोघं, संत्री खातायत, चुंबनं घेतायत. मग समुद्रकाठी तीच दोघं, आता हातात लिंबं. मग जमिनीखाली. तिथे बोलणं नाही, चुंबन नाही, एकाची शांतता दुसऱ्याला, दुसऱ्याची पहिल्याला. मूळ स्पॅनिशमध्ये 'एक मुलगी आणि एक मुलगा' असं आहे. म्युरिएल रुकायझरच्या इंग्रजी अनुवादात मुलगा पुढे आला, हे मला अजून खटकतं. त्या अनुवादावर अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकरने २००२ साली कॉयरसाठी रचना केली, वाद्यांशिवाय.

मैत्रिणीला तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता देते. या कवितेत 'मी' नाही, 'तू' नाही. त्या दोघांना कुणीतरी बाजूला उभं राहून बघतंय. मग बघणारे पस्तीस असले तर बिघडलं कुठे? तिसऱ्या कडव्यात तर घोळकाच हवा. गेलेल्या माणसाकडे आपण एकेकटे जातो का? दहाव्याला, तेराव्याला सगळे मिळूनच जमतो, आणि निम्मा वेळ गप्प बसतो.

गाताना मात्र माझी पार दैना झाली. मी तानपुऱ्यावर वाढलेली. व्हिटाकर लागूनचे दोन सूर एकदम धरायला लावतो. मी सा धरायचा आणि कानाशी शेजारीण रे धरून उभी! पहिला महिना मी घसरून तिच्या सुरावर जायचे. आमच्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर उठूनच गेले असते. मग एका संध्याकाळी दोन्ही सूर आपापल्या जागी थांबले आणि मधली हवा थरथरल्यासारखी झाली. त्याला बेसूर म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

आणि श्वास. लांब सूर तुटू नये म्हणून शेजारीण श्वास घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही. दोन महिने तिच्या श्वासाचा अंदाज घेत गातेय. इतकं लक्ष मी घरात कुणाकडे दिलं नसेल. 'चुंबन नाही' या शब्दांवरचे चार बार (आपल्या आवर्तनासारखे मात्रांचे छोटे गट) म्हणजे आपण लिहिलेले सगळ्यांत खरे सूर असावेत, असं व्हिटाकरने स्वतः म्हटलंय. नेमका तिथेच आमचा टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, दर वेळी सुरात उतरतो.

काल नाही उतरला. पंखा बंद होता, कागद उडतात म्हणून. शेवटचा सूर विरला तरी सरांनी हात खाली घेतला नाही. घामाने निथळत पस्तीस जण तसेच उभे. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली. कुणी हसलं नाही.