‘मजा आहे बाई तुझी!’ हे आता पुरे
नवऱ्याची परदेशातील दूतावासात बदली झाली की दादरच्या बाजारात, लोकलच्या डब्यात, लग्नकार्यात, भेटेल तो हेच वाक्य ऐकवतो. दर बदलीला मला नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो, हे मात्र कोणी लक्षातच घेत नाही. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारामुळे जोडीदाराला संरक्षण मिळते, नोकरीचा हक्क नाही. त्यासाठी बहुधा दोन्ही देशांत वेगळा करार असावा लागतो, यजमान सरकारची परवानगी मिळवावी लागते, त्या कामापुरते दिवाणी दाव्यांपासूनचे संरक्षण सोडावे लागते आणि कमाईवर तिथला करही भरावा लागतो. एवढे करूनही माझी फिजिओथेरपीची पदवी तिथे ग्राह्य धरली जाईलच असे नाही. पुन्हा परीक्षा, तीही कदाचित परक्या भाषेत, आणि ती पार पडेपर्यंत पुढच्या बदलीची चर्चा सुरू होते. प्रमाणपत्रांचे साक्षांकन, मुलांचे शाळेचे दाखले, सासूबाईंच्या औषधपाण्याची सोय हे सगळे मी एकटी उरकत असताना ‘तिथे दिवसभर करणार तरी काय?’ असे कोणी विचारले की मला मनस्वी संताप येतो. नवऱ्याला त्याचा नवा हुद्दा आवर्जून विचारता ना? मग मलाही माझ्या रुग्णांचे पुढे काय झाले ते विचारा.